शिंप्यांचे स्थलांतर

४ फेब्रुवारी

मामा,

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. नव्या पुलाच्या कामाची सूचना आमच्या कार्यालयाने काढली. मजकूर मी लिहिला, सही माझी.

२. ती तुझ्या दुकानाच्या भिंतीवर चिकटवली गेली. मजकूर असा: ‘पुलाच्या कामासाठी नदीच्या वळणावरील शिंप्यांचे स्थलांतर करण्यात येणार आहे. संबंधितांनी सहकार्य करावे.’

३. वळणावर कपडे शिवणारा शिंपी एकच आहे. तू.

४. तू सहकार्य केलंस. मशीन घरी नेलंस. कापायचं टेबल दारातून निघेना म्हणून त्याचे पाय सोडवलेस. गिऱ्हाइकांचे अर्धवट कपडे घरोघर पोचवलेस. किल्ली नगरपालिकेत देऊन आलास.

५. तिथल्या कारकुनाने कशाची किल्ली हे विचारलं नाही. घेतली.

६. मला हे काल मामीच्या फोनवरून कळलं. ती म्हणाली, ‘बैठकीच्या खोलीत मशीन आलंय, बसायला जागा नाही, तुझं सरकार आणखी काय काय हलवणार ते एकदाच सांग.’

७. सूचना तुझ्याबद्दल नव्हती.

शिंपी म्हणजे नदीच्या तळात राहणारा, दोन शिंपल्यांच्या आत मिटून बसणारा जीव. ‘शिंपले’ लिहिलं असतं तर लोकांना काठावरची रिकामी टरफलं वाटली असती. आम्हाला जिवंत जीव म्हणायचा होता, म्हणून मी नेमका शब्द वापरला. ‘शिंप्यांचे’ म्हटल्यावर शिंपी कोणता ते कळत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. कार्यालयात सहा जणांनी मजकूर तपासला. त्यांच्यापैकी कुणाचा मामा शिंपी नाही.

नगरपालिकेला आज पत्र गेलं आहे. किल्ली परत मिळेल. नवीन सूचनेत ‘नदीतील शिंपी (जलचर)’ असं लिहिलं आहे.

एक प्रश्न. तू मला विचारलं का नाहीस?

तुझी भाची

•

१० फेब्रुवारी

चि. टाचणीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला धड मायना नाही, शेवटी नमस्कार नाही. हे पत्र आहे की पंचनामा? मामी म्हणते, फोन केला असतास तर एवढी हमाली वाचली असती. पण फोनवर तू मला निम्मी ऐकू येतेस, आणि उरलेली निम्मी मी मनाने भरतो. त्यापेक्षा कागद बरा.

का नाही विचारलं? अगं, खाली तुझी सही होती. म्हटलं, पोरीने लिहिलंय म्हणजे मोजूनमापूनच लिहिलं असणार. शिंप्याला हलवायचं तिच्या जिवावर आलं असेल, त्यात आपण विचारून आणखी कशाला अवघड करा. शेजारच्या दुकानातला घड्याळजी तेवढा खुशीत होता. सूचना तीनदा वाचून म्हणाला, ‘बघा, घड्याळजींना हात लावलेला नाही. सरकारलासुद्धा वेळ कळायला हवी ना.’ मी म्हटलं, अंगावर कपडा नसेल तर वेळ कळून काय करणार?

वकिलाचा कोट एकाच बाहीनिशी पोचवला होता. तो म्हणाला, ‘मी काय अर्ध्याच बाजूने भांडू?’ आता कोट परत आलाय. मशीन परत गेलंय. टेबलाचे पाय लावताना एक उलटा बसला, आता कापड आपणहून डावीकडे घसरतं. किल्लीही मिळाली. कारकून म्हणाला, ‘कशाची आहे कळेना म्हणून खिळ्याला टांगून ठेवली होती.’

आता मला हे सांग, हे माझे नामबंधू आहेत तरी कोण? इतकी वर्षं खिडकीतून नदी बघतो, एकाने कधी माप द्यायला वर येऊ नये?

तुझा मामा

•

१६ फेब्रुवारी

मामा,

मायना वर आहे. त्या एका शब्दात सगळं येतं असं मला वाटतं.

नामबंधूंची माहिती.

शिंपी दगड आणि जाड वाळूत अर्धी रुतून बसते. पाणी आत घेते, गाळून बाहेर सोडते. तिला एकच पाय असतो, जिभेसारखा. त्यावर ती फार लांब जाऊ शकत नाही. जाण्याची गरजही नसते, तळ जागच्या जागी राहिला तर. वळणावरच्या काही शिंप्या तुझ्याहून वयाने मोठ्या आहेत. खोडाच्या कड्यांवरून झाडाचं कळतं तसं यांचं वय शिंपल्यावरच्या रेषांवरून कळतं. पूर्वी त्या या नदीत आणखी बऱ्याच ठिकाणी होत्या. आता फक्त तुझ्या खिडकीखाली उरल्या आहेत.

पिल्लं वाळूच्या कणाएवढी असतात. ती माशाच्या कल्ल्यांना चिकटतात, काही आठवडे तिथेच राहतात, मग सुटून तळाला पडतात. माशाला त्याचा फारसा त्रास होत नाही. पडतात तिथला तळ स्थिर असेल तरच जगतात.

पुलाचा मधला खांब बरोबर वळणात येतो. म्हणून शिंप्या उचलून वरच्या अंगाला, गिरणीमागच्या पाण्यात नेऊन ठेवायच्या, असं ठरलं आहे. जागा नकाशावर चांगली दिसते. खोली तेवढीच, वेग तेवढाच, सावली जास्त. मला ती पसंत नाही, पण का ते अजून सांगता येत नाही. सांगता येत नाही तोवर ते माझं मत आहे, निष्कर्ष नाही.

म्हणून मी दोन्हीकडे तळाशी रंगवलेले दगड ठेवले आहेत. वळणावर पिवळे, गिरणीमागे लाल. पाणी एकदा चढून उतरलं की कोणते राहिले ते बघायचं. पाणी चढलं की कळव. मी येईन.

भाची

•

२१ मार्च

चि. टाचणीस, अनेक आशीर्वाद.

अवकाळी पावसाने पाणी चढून उतरलं, तू येऊन गेलीस आणि घरात दोन दिवस चिखल होता. मामी पुसताना कुरकुरली नाही, यावरून ओळख.

तू काही बोलली नाहीस तरी मला कळलं. पिवळे दगड तू मोजत होतीस, एकेक बोट दाखवून, लहानपणी बटणं मोजायचीस तसं. सगळे जागेवर होते. आणि गिरणीमागे तू कमरेइतक्या पाण्यात उभी राहून नुसती बघत होतीस. तिथे लाल तर नाहीच, कुठलाच दगड नव्हता. सगळी नवी वाळू. घड्याळजी काठावरून म्हणाला, ‘सरकारचा रंग निघाला वाटतं.’

मामीला त्या काचेच्या तळाच्या डब्यातून नदी दाखवलीस, ते फार बरं केलंस. चाळीस वर्षं ती त्या पाण्याला नावं ठेवत आली, की कपडे वाळत नाहीत ओलीमुळे. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तिचंच तिला लिहू देतो.

‘टाचणे, तुझा मामा वाढवून सांगतो, मी जेवढं पाहिलं तेवढंच सांगते. आधी दगड दिसले. नुसते दगड. म्हटलं ही पोर दगड दाखवायला मला थंड पाण्यात उभी करते. मग एक दगड मिटला. — मामी. ता. क. माशाला त्रास होत नाही, हे कुठल्या पुस्तकात शोधलंस? मला विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं.’

जाता जाता तू दुकानापुढे टेप धरलीस, दारापासून काठापर्यंत, आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलंस. मला मजा वाटली. आयुष्यभर लोकांना टेप लावली, माझ्या हातात कुणी टोक दिलं नव्हतं. माप कशाचं ते विचारलं नाही. गिऱ्हाइकाने विचारायचं नसतं, नीट उभं राहायचं असतं.

तुझा मामा

•

२ एप्रिल

मामा,

मामीला सांग, ‘एक दगड मिटला’ हे वाक्य मी अहवालात घेणार होते. साहेबांनी घेऊ दिलं नाही.

आता मला सांगता येतं. वरची दरी माझ्या लहानपणी आपण पाहिली आहे. एवढी रुंद दरी आणि मध्ये एवढीशी नदी. ती दरी या नदीने कोरलेली नाही. फार पूर्वी, माणसं इथे यायच्या आधी, वर डोंगरात एक मोठा तलाव होता. कडा कोसळून पाणी अडलं होतं. मग तो बांध एकदा फुटला. जे पाणी खाली आलं त्याने कपाटाएवढे दगड आणले. तुझ्या वळणाशी खाली खडकाचा आडवा उंबरठा आहे. तिथे पाणी थबकलं, दगड पडले आणि राहिले.

तो तलाव संपला, तो पूर संपला. आता तिथून वाहते ती नदी फार लहान आहे. तिला ते दगड हलवता येत नाहीत. कितीही पूर येवो. मोठ्यांच्या आडोशाला मधले दगड राहतात, त्यांच्या आडोशाला लहान, लहानांच्या फटीत जाड वाळू. त्या वाळूत शिंप्या. मी तळात खड्डा घेऊन पाहिलं. थर असेच एकाखाली एक आहेत.

गिरणीमागे तसे दगड कधी थांबलेच नाहीत. तिथली सगळी वाळू आहे आणि ती दर पुराला चालायला लागते. वरचे काठ उघडे पडल्यापासून ती आणखी वाढली आहे. उंबरठ्याच्या खाली उलटं. तिथे नदी अजून खोल कापते आहे, मातीचे काठ ढासळतात आणि तळावर गाळ बसतो. शिंपी गुदमरते. मी वरून खालून सगळी नदी चालले. शिंप्यांना जगता येईल अशी दुसरी जागा नाही. त्यांना हलवणं म्हणजे त्यांना मारणं, फक्त पुढच्या पुरापर्यंत ते कुणाला कळणार नाही.

म्हणजे हलवायचा तो खांब. त्यावर काम चालू आहे.

डोळ्यांची तपासणी केलीस का? सुई ओवायला मामीला हाक मारतोस असं दिसलं.

भाची

•

२५ एप्रिल

चि. टाचणीस, आशीर्वाद.

तुझं पत्र मी घड्याळजीला आणि वकिलाला मोठ्याने वाचून दाखवलं. मला तर ते लगेच पटलं. आमच्याकडे त्याला सोपं नाव आहे: धाकट्याने थोरल्याचा कोट घातलाय. अंगाला मोठा, बाह्या लोंबतायत, पण आत ऊब आहे, आणि खिशात थोरल्याने विसरलेलं काहीबाही राहिलंय. त्यावर धाकट्याचं घर चालतं. बरोबर ना?

आता दुसरं. मंगळवारी तुमच्या कार्यालयाची दोन माणसं आली आणि दुकानाच्या उंबऱ्यापासून दोन हातांवर लाल डोक्याची खुंटी ठोकून गेली. घड्याळजीच्या दारात एक, किल्लीवाल्याच्या दारात एक. मी विचारलं, कशाची? ते म्हणाले, ‘पुलाचा पाय.’ मी म्हटलं, पाय तर शिंपीला असतो, एकच, जिभेसारखा. त्यांना काही कळलं नाही.

मी खिडकीत बसून हिशोब केला. खांब पाण्यात नको, तर पूल लांब उडी मारणार. लांब उडी मारायची तर पाय मागे रोवायला लागतो. आणि मागे मी बसलोय.

टाचणे, तू मला दरी सांगितलीस, तलाव सांगितलास, माझे डोळे विचारलेस. खुंटी सांगितली नाहीस. टेपने घेतलेलं ते माप माझ्याच दुकानाचं होतं का?

घड्याळजी रुसून बसलाय. त्याने दुकानातली सगळी घड्याळं बंद ठेवलीत. म्हणतो, नदीतल्या शिंप्यांपायी काठावरचा घड्याळजी बुडाला.

मामा

•

२८ एप्रिल

मामा,

हो. तुझ्याच दुकानाचं होतं. टेपचं टोक तुझ्या हातात दिलं तेव्हा मला ते माहीत होतं. दुसरं टोक धरायला मी सोबतच्या माणसाला बोलावू शकले असते. बोलावलं नाही. तेव्हा बोलता आलं नाही आणि मागच्या पत्रातही आलं नाही. तिथे मी ‘काम चालू आहे’ असं लिहिलं. ते खरं होतं आणि पुरेसं नव्हतं.

आता पूर्ण लिहिते.

पाण्यात खांब न घेता पूल बांधायचा तर त्याचे पाय दोन्ही काठांवर मागे घ्यावे लागतात. पलीकडे मोकळी जागा आहे. अलीकडे तुमच्या तीन दुकानांची ओळ आहे. वरच्या बाजूला सरकवला तर रस्ता शाळेतून जातो, खालच्या बाजूला काठ ढासळता आहे, पाया धरणार नाही. मी तिन्ही पर्याय स्वतः मोजले, पुन्हा मोजले. मला वेगळं उत्तर हवं होतं. आलं नाही.

ओळीतला शिंपी माझा मामा आहे, त्याच्या घरी मी वाढले, हे मी कार्यालयाला लेखी कळवलं आणि हे काम दुसऱ्याकडे द्या म्हटलं. साहेब म्हणाले, ‘म्हणजे दोन्हीकडचे शिंपी तुमचेच की.’ मग म्हणाले, पुलावर सही मी करीन, पण नदीचा तळ तुम्ही पाहिलाय, तळाबद्दल तुम्हीच लिहा. तुम्ही ‘गिरणीमागे चालेल’ लिहिलंत तर खांब पाण्यात जाईल. ‘चालणार नाही’ लिहिलंत तर ओळ जाईल.

तेवढं एकच वाक्य माझ्याकडे आहे. अहवाल पंधरा मेला द्यायचा आहे.

मी ‘चालणार नाही’ लिहिणार आहे. मी तुझी परवानगी मागत नाही. मागितली असती तर तू दिली असतीस, म्हणून मागत नाही. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये एवढंच हवं होतं, आणि ते खुंटीकडून कळलं.

ओळीतल्या तिघांना बसस्थानकाजवळचं जुनं तिकीटघर मिळावं असा प्रस्ताव आहे. मी जाऊन पाहिलं. कोरडं आहे, उजेड उत्तरेचा आहे. खिडकीतून नदी दिसत नाही.

तू रागावलास तर तसं लिही.

भाची

•

७ मे

चि. टाचणीस, अनेक आशीर्वाद.

लिही म्हणतेस तर लिहितो. रागावलो. एक अख्खा दिवस. त्या दिवशी वकिलाच्या पॅन्टला दोन्ही पाय डावे शिवले. दुसऱ्या दिवशी उसवत बसलो आणि उसवता उसवता राग गेला. उसवायचं काम चांगलं असतं, आपण काय केलं होतं ते टाका टाका दिसतं.

आता माझं ऐक. फेब्रुवारीत सगळं डोक्यावर घेऊन मी घरी आलो, तेव्हा घड्याळजी हसला, मामी वैतागली, तू पंचनामा लिहिलास. पण ती आमची रंगीत तालीम झाली की. आता मला माहीत आहे मशीन कुठून धरायचं, टेबलाचा कुठला पाय कुठे लागतो, आणि बाकी कपडे आधी शिवून टाकायचे म्हणजे एका बाहीचे कोट वाटत फिरावं लागत नाही. तुझी ती सूचना चुकीची नव्हती. जरा लवकर आली होती, एवढंच.

माझ्या मशीनला चाकं लावता येतात. माझ्या नामबंधूंना एकच पाय, तोही जिभेसारखा. दोघांपैकी कोणी उठायचं हे काय विचारायचं? मी कुठेही बसलो तरी लोकांची पोटं सुटायची थांबत नाहीत, पॅन्टा ढिल्या करायला ते येणारच.

नदीचं म्हणशील तर मशीन थांबलं की ती ऐकू यायची. हल्ली तशीही कमीच येते. मामी म्हणते, ही चांगली गोष्ट आहे, तुम्हाला ती सोडून जाते आहे हे कळणारच नाही. अशी बाई.

घड्याळजीला बसस्थानक पटलंय. मी त्याला म्हटलं, बाबा, सगळ्या गावात वेळ विचारणारी माणसं कुठे असतात? बसस्थानकावर. त्याने त्याच संध्याकाळी सगळ्या घड्याळांना चावी दिली. आता एकाच वेळी वीस घड्याळं टोले देतात, तेवढे मलाही ऐकू येतात.

एक मागणं. पूल तू शिवणार नाहीस, पण माप तुझं आहे. तर मापात माया ठेव. कापड कापताना शिवणीच्या आत बोटभर जास्तीचं सोडतो ना आपण, ती. बाहेरून दिसत नाही. पण अंग वाढलं की तीच कामाला येते. नदीचंही अंग कधी वाढेल, सांगता येतं का? तिचा थोरला केवढा होता, तूच लिहिलंस.

आणि खुंटी सांगितली नाहीस त्याचं मनावर घेऊ नकोस. सात वर्षांची होतीस तेव्हा बोटात सुई घुसली तरी सांगितलं नव्हतंस. कापडावर लाल ठिपका बघून मला कळलं. त्या दिवसापासून मला तुझं वाचायची सवय आहे.

तुझा मामा

‘याच्या डोळ्यांची तपासणी झाली. चष्मा बदलला. सुई मीच ओवते, कारण तो मुद्दाम हाक मारतो. — मामी’

•

६ जून

मामा,

अहवाल दिला. वाक्य लिहिलं. काल मंजुरी आली. पाण्यात खांब नाही. शिंप्या आहेत तिथेच राहतील.

पुलाचे दोन्ही पाय आधीच्या मापापेक्षा आणखी मागे घेतले आहेत. अहवालात मी लिहिलं, ‘दोन्ही काठांवर माया ठेवावी.’ साहेबांनी विचारलं हा कुठला शब्द. मी म्हटलं, मापाचा आहे, जाणकाराकडून घेतला आहे. त्यांनी खोडून ‘राखीव अंतर’ केलं. अंतर तेवढंच ठेवलं. कारण अंतर बरोबर होतं.

ओळीची नवीन सूचना निघेल. त्यात ‘दुकानदार’ लिहिलं आहे. शिंपी हा शब्द कुठेही नाही. मी तपासलं.

गेल्या आठवड्यात एक दिवस वळणावर गेले होते. तुम्हाला कळवलं नाही, काम होतं. काचेच्या डब्यातून बघत असताना दोन दगडांच्या फटीत एक शिंपी दिसली, नखाएवढी. या नदीत इतकी लहान मी पहिल्यांदा पाहिली. म्हणजे कुठल्यातरी माशाने तिला अलीकडेच इथे सोडलं आणि ती पडली ती बरोबर जागी पडली. मी तिला हात लावला नाही. बराच वेळ पाण्यात उभी राहिले. वर तुझ्या खिडकीत मशीन चालू होतं. ते मला ऐकू येत होतं.

तेव्हा जे सुचलं ते इथे लिहिते, कारण फोनवर तू मला निम्मी ऐकशील.

माझे शाळेचे सगळे झगे तू शिवलेस. वाढत्या मापाचे. दर जूनमध्ये मला टेबलावर उभं करून तू एक पदर उसवायचास आणि झगा पुन्हा माझ्या अंगाला यायचा. वर्गात मुली म्हणायच्या, हिला दरवर्षी नवा कसा मिळतो. मी सांगितलं नाही की तो तोच आहे. त्या टेबलाखाली बसून मी सगळा अभ्यास केला. वरून चिंध्या पडायच्या. तू कधी विचारलं नाहीस की मी आमच्या घरी का जात नाही. मामीनेही कधी विचारलं नाही. ती चहाचा तिसरा पेला न बोलता टेबलाखाली सरकवायची. माशाला त्रास झाला असणार. कमी झाला असेल, पण झाला असणार.

मी याबद्दल आभार मानलेले नाहीत. मानते. दोघांचे.

आता कामाचं. तिकीटघराचं दार मी मोजलं. कापायच्या टेबलापेक्षा चार बोटं अरुंद आहे. पाय पुन्हा सोडवावे लागतील. या वेळी मी सोडवीन आणि उलटा बसलेला पाय सुलटा लावीन. टेबलाखालची आडवी फळी काढू नकोस, मला तिची जागा माहीत आहे. मशीन एकट्याने उचलायचं नाही. घड्याळजीच्या भिंतीवरचं मोठं घड्याळही मी धरीन, त्यांना सांग.

मला तीन दिवसांची रजा मिळते आहे. कोणत्या दिवसापासून घेऊ ते कळव. वीस जूनपर्यंत उत्तर दे.

टाचणी